ड्रॅगनपाशी काय मागावं

म्हातारीनं ओट्यावरचं पीठ फडक्यानं पुसलं, हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "अंडं सुखरूप आणलंत. आता मागा काय मागायचं ते. एकेकानं मागा. आणि बदल्यात इथे काय ठेवून जाणार, तेही सांगा."

टेबलाशी कुणी बोलेना. तळघरातला हीटर तेवढा घरघरत होता.

ही म्हातारी म्हणजे माझा भाचा. चौतिशीचा, दाढीवाला, दिवसभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात त्याचं घर आहे आणि दर दुसऱ्या शनिवारी रात्री सात ते अकरा तो घराच्या तळघरात कधी दरोडेखोर होतो, कधी राजाचा वजीर, कधी दारात अडवणारा शिपाई. त्या रात्री तो बर्फातल्या एका खेड्यात पावाची भट्टी चालवणारी बाई होता. ती बाई खरं तर चंदेरी ड्रॅगन होती. गावाला पत्ता नव्हता, आणि टेबलाभोवतीच्या चौघांनाही तीन महिने खेळल्यावर त्याच रात्री कळलं होतं.

पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला संपादकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. यंदाच्या अंकाचा विषय 'वर' आहे, म्हणाले. नवस, लॉटरी, पुराणातले वर हे सगळं लेखकांना वाटून झालंय. तुम्ही तिकडे आहात तर तिकडचं काही बघा. मी म्हटलं, इथे कोण कुणाला वर देतंय? हे बोलणं भाच्यानं ऐकलं. "मावशी, शनिवारी खाली येऊन बस," तो म्हणाला. "ड्रॅगन वर देणार आहे. मी दोन आठवडे त्याच्याच तयारीत आहे."

मी वही घेऊन खाली गेले. पुढचे तीन शनिवारही गेले.

खेळ कसा चालतो, एवढंच

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पट असलाच पाहिजे असं नाही. जिंकणं-हरणंही नाही. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो गोष्टीतलं जग सांगतो, त्यातली सगळी इतर माणसं आणि राक्षस वठवतो आणि पंचाचं कामही करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार ढकलते', 'मी त्याला थाप मारतो' असं सांगत गोष्ट पुढे नेतात. जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशानं ठरतं. अवघड काम असेल तर मोठा आकडा पडावा लागतो. एवढं कळलं की मग आपण कीर्तनाला बसल्यासारखं बसायचं. फरक इतकाच की इथे श्रोते कथानक मोडू शकतात, आणि मोडतात.

आमच्या टेबलाशी चौघं होते. भाचेसून चोर झाली होती. खऱ्या आयुष्यात ती दातांची डॉक्टर आहे आणि उसनी घेतलेली कात्रीही आठवणीनं परत करते. मिलवॉकीहून गाडी चालवत येणारी एक नर्स पुजारीण झाली होती. हैदराबादचा एक मुलगा जादूगार होता, आणि शेजारच्या गल्लीतले निवृत्त गणित-शिक्षक बुटका योद्धा. हे सर १९७८ पासून खेळतायत. त्यांच्यासमोर रेघांच्या कागदावर एक जमाखर्च असतो. कुठल्या गुहेत किती मोहरा मिळाल्या, कुठे किती गेल्या, पहिल्या दिवसापासूनची नोंद. मी शेजारी बसले तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आमच्या वेळी या म्हातारीला आम्ही विकलं असतं."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी पुढच्या खेपेला पुस्तक आणून दाखवलं.

विक्रीला ड्रॅगन

हा खेळ १९७४ साली एका डब्यात, तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात विक्रीला आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. दुसऱ्या पुस्तिकेचं नावच 'राक्षस आणि धन' अशा अर्थाचं आहे, आणि ड्रॅगनची पानं तिच्यात आहेत. तेव्हा ड्रॅगन सहा प्रकारचे होते: पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. त्यातला सोनेरी तेवढा सज्जन. ड्रॅगनला मारायचं नसेल तर तलवारीच्या सपाट बाजूनं बडवून नमवता येतं, असा नियम त्यात आहे. नमलेला ड्रॅगन बाजारात विकायचा. भाव त्याच्या अंगातल्या जिवाच्या हिशेबानं, प्रत्येक 'हिट पॉइंट'मागे ५०० ते १,००० मोहरा. बैलबाजारात दात बघून भाव ठरतो, त्यातलाच हा प्रकार.

पण मला त्या पानावरची दुसरी एक गोष्ट जास्त आवडली. प्रत्येक रंगाच्या ड्रॅगनपुढे दोन टक्केवाऱ्या दिल्या आहेत. गुहेत शिरलात तर तो झोपलेला असण्याची शक्यता किती, आणि त्याला बोलता येत असण्याची शक्यता किती. म्हणजे तुमच्यासमोरच्या ड्रॅगनला वाचा आहे की नाही हे फासे ठरवणार. सोनेरीला मात्र शंभर टक्के वाचा. सरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा एकच आमच्याशी नक्की बोलायचा. पण आम्ही कशाला बोलतोय?"

का बोलत नव्हते, याचं उत्तर नियमांतच आहे. तेव्हा पात्राचा अनुभव मोजला जायचा तो मुख्यतः लुटून आणलेल्या सोन्यावर. एक मोहर म्हणजे एक गुण. गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर. आणि सगळ्यात मोठा सोन्याचा ढीग कुठे? ड्रॅगनच्या पोटाखाली. ड्रॅगन म्हणजे दात असलेली तिजोरी. तिजोरीपाशी कुणी वर मागत नाही, ती फोडतात.

मला या लेखात जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. ड्रॅगनला दाता व्हायला या खेळात बरीच वर्षं लागली. आधी त्याला बोलू द्यावं लागलं, मग त्याला आवडीनिवडी द्याव्या लागल्या, आणि हे सगळं होत असताना टेबलाशी बसलेल्या माणसांनाही सोनं मोजायचं थांबवावं लागलं. सरांचं अजून थांबलेलं नाही.

सेंटर स्ट्रीट

रविवारी भाच्यानं मला हा खेळ जिथे जन्मला त्या लेक जिनिव्हाला नेलं. विस्कॉन्सिन राज्यातलं हे गाव शिकागोपासून दीड-दोन तासांवर आहे. सुंदर तळं, आणि तळ्याकाठी शिकागोच्या जुन्या धनिकांचे बंगले. च्युइंगगमवाल्या रिगली घराण्याचेही इथे वाडे आहेत. तळ्याभोवती काठाकाठानं वीसेक मैलांची पायवाट आहे, ती लोकांच्या खाजगी अंगणांतूनच जाते आणि कुणीही चालू शकतं. मी म्हटलं, हे बघ, श्रीमंतांच्या ठेव्याच्या अगदी कडेनं जायची परवानगी. भाचा म्हणाला, "मावशी, तू आता खेळायला लागलीस."

सेंटर स्ट्रीटवर एक साधं घर आहे. पायऱ्या, व्हरांडा, लहानसं अंगण. या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, इथे राहायचे. शिकागोच्या एका विमा कंपनीत ते अंडररायटर होते. १९७० साली ती नोकरी गेली आणि त्यांनी घरच्या तळघरात चपला-बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्याच तळघरात वाळूचं टेबल होतं. त्यावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळल्या जात. १९७२ च्या अखेरीला मिनेसोटाहून डेव्ह अर्नेसन आले आणि त्यांनी आपल्या 'ब्लॅकमूर' नावाच्या जगाचा खेळ दाखवला. त्यात सैन्याऐवजी एकेकच पात्र घेऊन तळघरांत, भुयारांत उतरायचं होतं. गायगॅक्स यांनी मग स्वतःचं भुयार रचलं आणि पहिल्यांदा त्यात उतरवलं ते आपल्याच लेकरांना, एर्नी आणि एलिस यांना.

गावात हॉर्टिकल्चरल हॉल म्हणून फुलझाडांच्या प्रदर्शनांची एक इमारत आहे. १९६८ साली गायगॅक्स यांनी ती पन्नास डॉलर भाड्यानं घेऊन खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला, त्याचं आज 'जेन कॉन' झालंय. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या मांडणं चाललं होतं. बस, लेक जिनिव्हात बघण्यासारखं एवढंच. पण चांभारकाम करणाऱ्या माणसाच्या तळघरात सोन्याच्या ढिगाची गोष्ट जन्माला आली, हे त्या घरासमोर उभं राहिल्यावर वेगळं जाणवतं. ज्याच्या घरात पैसा नाही त्याच्या ड्रॅगनपाशी तो असणारच.

मेल्यानंतरचा वर, जिवंतपणीचा वर

ड्रॅगनकडून माणसाला काही मिळणं ही कल्पना खेळापेक्षा फार जुनी आहे. फक्त युरोपातल्या गोष्टींमध्ये ते मिळण्याआधी ड्रॅगनला मरावं लागतं. उत्तरेकडच्या कथांत सिगुर्ड फाफनीरला मारतो. त्याचं काळीज भाजताना बोट पोळतं, ते तोंडात घालतो आणि त्याला पाखरांची भाषा कळू लागते. जर्मनांच्या गोष्टीत हाच वीर सीगफ्रीड होतो. तो ड्रॅगनच्या रक्तानं न्हातो आणि त्याची कातडी अभेद्य होते. पाठीवर लिंडेनचं एक पान चिकटलेलं असतं तेवढी जागा सोडून, आणि घात तिथेच होतो. दुर्योधनाच्या मांड्या आठवल्याशिवाय मराठी वाचक पुढे जाणार नाही, म्हणून मीच आठवण करून देते.

पूर्वेला आलं की सगळं बदलतं. जपानात बिवा सरोवराच्या ड्रॅगनराजाला एक महाकाय घोण त्रास देत असते. फुजिवारा नो हिदेसातो नावाचा योद्धा बाणाच्या टोकाला थुंकी लावून तिला मारतो. ड्रॅगनराजा त्याला कितीही काढलं तरी न संपणारं तांदळाचं पोतं देतो. त्या पोत्यावरून त्याला तावारा तोदा म्हणू लागले. सोबत मिळालेली घंटा त्यानं मीदेरा देवळाला दिली, असं सांगतात. आणि आपल्याकडे भीमाला विष चारून गंगेत टाकलं तेव्हा तो नागलोकात पोचला, वासुकीच्या संमतीनं रसाची आठ कुंडं प्यायला आणि आठव्या दिवशी उठला तो दहा हजार हत्तींचं बळ घेऊन. नाग म्हणजे ड्रॅगन नव्हे, हे मला माहीत आहे. पण पाण्याखालचा, खजिना राखणारा, फणा काढणारा आणि घरी आलेल्याला जेवू घालणारा असा कुणी तरी आपल्याकडेही होता, एवढंच म्हणायचंय.

खेळात पूर्वेकडचा हा ड्रॅगन सावकाश आला. १९७५ च्या पुरवणीत पितळी, तांब्याचा, कांशाचा आणि चंदेरी असे चार सज्जन ड्रॅगन वाढले. सज्जन आणि दुष्ट अशा दोन्ही टोळ्यांना राजा-राणीही मिळाली, आणि पुढे त्यांची नावं ठरली: बहामुत आणि तियामत. तियामत हे बाबिलोनी पुराणातल्या आदिमातेचं नाव. बहामुत अरबी विश्वकल्पनेतला, पृथ्वीच्या तळाशी असलेला मासा. अमेरिकी मध्यपश्चिमेतल्या पोरांनी ग्रंथालयातून नावं उचलताना मासा आहे की ड्रॅगन याची फिकीर केली नाही.

१९८४ साली 'ड्रॅगनलान्स' मालिका आली, कादंबऱ्याही आणि खेळाची साहसंही. तिच्यात सज्जन ड्रॅगननी माणसांच्या युद्धात पडायचं नाही अशी शपथ घेतलेली असते, कारण त्यांची अंडी शत्रूच्या ताब्यात असतात. एक चंदेरी ड्रॅगनीण ती शपथ मोडते आणि ड्रॅगनना मारू शकणाऱ्या भाल्याचं गुपित माणसांना सांगते. या खेळातला मला सगळ्यात मोठा वाटलेला वर हाच. आपल्याच जातीला मारणारं शस्त्र तिनं दिलं, आणि त्यासाठी शब्द मोडला.

स्वभाव तसा वर

भाच्याच्या फळीवर २०२१ सालचं एक पुस्तक आहे, 'फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स'. फिझबन म्हणजे त्याच मालिकेतला टोपी विसरणारा, वेंधळा म्हातारा जादूगार, आणि खरं तर वेश पालटलेला देव. ड्रॅगननं माणसाला द्यायच्या वरांचा वेगळा भाग त्यात आहे. कुणाला ड्रॅगनसारखी तीक्ष्ण इंद्रियं मिळतात, कुणाच्या अंगावर खवले येतात, कुणाला लहानसा ड्रॅगन सोबती मिळतो, तर कुणी मेल्यासारखा होऊन ड्रॅगनवंशी म्हणून पुन्हा जन्मतो. एका वरानं समोरच्याला नुसत्या अस्तित्वानं धडकी भरवता येते. इंग्रजीत 'फ्राइटफुल प्रेझेन्स' म्हणतात. भाचेसुनेनं विचारलं, "मावशी, तुम्ही मराठीत काय म्हणाल?" म्हटलं, जरब. त्यानंतर टेबलावर तोच शब्द चालू झाला. हैदराबादचा मुलगा तर 'जरब रोल' म्हणू लागला.

वस्तूंचाही एक झकास नियम त्यात आहे. तलवार, दागिना, प्याला ड्रॅगनच्या ढिगात वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यात जादू मुरत जाते, लोणच्यात फोड मुरते तशी. तिच्या चार अवस्था आहेत. मी त्यांना निजलेली, चाळवलेली, जागी आणि तेजाळलेली म्हणते. ड्रॅगन जितका जुना, तितकी वस्तू अधिक जागी होते. ढीग म्हणजे नुसती संपत्ती नाही, बरणी आहे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी नक्की कुणी तरी लोणची घालत असणार.

पण वस्तू आणि वर यांत फरक आहे. वस्तू हरवते, चोरीला जाते, दुसऱ्याला देता येते. वर अंगात भिनतो. जादूगार झालेल्या हैदराबादच्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्या पात्राच्या कुणा पूर्वजानं ड्रॅगनशी सौदा केला होता. त्या रक्तानं याच्या कातडीला बारीक खवल्यांची झाक आहे, चिलखत न घालताही तो बऱ्यापैकी सुरक्षित असतो आणि चौदाव्या पायरीला त्याला पंख फुटणार आहेत. त्यानं स्वतः काहीच मागितलेलं नाही. "वडिलोपार्जित आहे," तो म्हणाला, "आमच्या गावच्या जमिनीसारखं. वापरता येतं, पण आजोबांनी कुणाला काय कबूल केलं होतं ते कुणी सांगत नाही."

वर देताना डीएमनं आधी ड्रॅगनचा स्वभाव बघायचा असतो. पितळी ड्रॅगन वाळवंटात राहतो आणि गप्पांसाठी आसुसलेला असतो. जुन्या पुस्तकांत तर तो पळून जाऊ पाहणाऱ्या वाटसरूला झोपेच्या फूत्कारानं निजवतो आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवतो, बोलणं पुरं होईस्तोवर. असे आजोबा प्रत्येक वाड्यात होते. तांब्याच्या ड्रॅगनला कोडी आणि विनोद लागतात. हिरवा गोड बोलतो, आणि त्याचा वर म्हणजे गळ. सोनेरी ड्रॅगनला मोती आणि रत्नं खायला आवडतात. ती भेट म्हणून नेली तर तो खूश होतो, पण लाच वाटली की बिनसतं. भेट आणि लाच यांतली रेघ कुठे, हे नियमात नाही. ती डीएमच्या भुवईवर वाचायची.

पेन्सिल

आता पुन्हा भट्टीकडे.

पुजारीण आधी बोलली. तिला स्वतःसाठी काही नको होतं, खिंडीपलीकडच्या आजारी गावासाठी काहीतरी हवं होतं. म्हातारीनं मान हलवली आणि विचारलं, ठेवून काय जाणार? नर्सनं आपल्या पात्राच्या कागदावरून एक ओळ वाचली: पहिल्या दिवसापासून सोबत असलेली आईची शाल. "ठेव," म्हातारी म्हणाली. चंदेरी ड्रॅगनला माणसांच्या हातच्या वस्तूंचा सोस असतो. सोन्यापेक्षा शिवणीचे टाके त्याला कळतात.

भाचेसुनेला जरब हवी होती. बदल्यात तिनं किल्ली काढली. टेबलावर एकदम आरडाओरडा. ही किल्ली तिनं तिसऱ्या रात्री एका सरदाराच्या पट्ट्यावरून उडवली होती. तिचं कुलूप अजून सापडलं नव्हतं, आणि तेव्हापासून चौघांच्याही डोक्यात ते कुलूप होतं. "ती नको देऊ!" जादूगार ओरडला. तिनं दिली. भाच्यानं आपल्या नोंदी झाकणाऱ्या पडद्यामागे काहीतरी खोडलं. नंतर मला म्हणाला, "त्या कुलपामागे माझी सहा रात्रींची गोष्ट होती, मावशी. गेली."

वर तो पत्त्याएवढ्या जाड कागदावर लिहून देतो. खडबडीत, हातानं कापलेला कागद, एका कोपऱ्यात खवल्याची खूण. लिहिलेलं पेन्सिलीनं. कार्ड पुढे सरकवतो, पण लगेच सोडत नाही. पात्र काय म्हणतं ते ऐकतो आणि मग बोट उचलतो. पेन्सिल का, हे मी विचारलं. "पेननं लिहिलं की खेळाडूंचा वकील होतो," तो म्हणाला. नियमाच्या शब्दावर बोट ठेवून भांडणाऱ्याला या खेळात खरोखरच वकील म्हणतात. "आणि दुसरं म्हणजे, मी एकदा पोळलोय."

ती गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटात त्यानं तिसऱ्याच पायरीवरच्या एका पात्राला ड्रॅगनकडून पंख दिले. कायमचे, हवे तेव्हा. पुढच्या खेळापासून दरी, तट, नदी, कुलूपबंद दरवाजा, कशाचीच अडचण उरेना. पंखवाला आधी उडून सगळं बघून यायचा आणि बाकीचे तिघे खाली बसून फोन बघायचे. कुणी भांडलं नाही. चौथ्या खेपेला दोघांनी कामाचं कारण सांगितलं आणि गट मोडला. "भस्मासुराच्या वेळी शंकराला मोहिनी मिळाली," भाचा म्हणाला. "मला कोण मिळणार होतं?"

तेव्हापासून त्याचे काही आडाखे आहेत. ते कुठल्या पुस्तकात नाहीत. एकाला वर दिला तर त्याच रात्री बाकीच्यांनाही काही तरी मिळालं पाहिजे, नाहीतर टेबलाचा समतोल जातो. वरामुळे अडचण सुटण्यापेक्षा नवीन अडचण उभी राहिली तर उत्तम. रात्री अकराला, सगळे पेंगत असताना वर देऊ नये. खेळाच्या सुरुवातीला द्यावा, म्हणजे लगेच वापरून बघता येतो. आणि मोबदला मागायचाच. फुकट मिळालेला वर खेळाडू कागदावर लिहितात आणि विसरतात. किल्ली देऊन घेतलेली जरब कुणी विसरणार नाही.

मला यातलं मोबदल्याचं आधी पटलं नाही. मोबदला घेऊन दिला तर तो वर कसला, दुकानदारी झाली, असं मी त्याला म्हटलं. आम्ही गाडीत यावर बराच वाद घातला. पण सरांची पाळी बघितल्यावर मी निम्मी त्याच्या बाजूला गेले.

सरांनी जमाखर्चाचा कागद उलटा ठेवला होता. ते म्हणाले, "मला तुझं खरं नाव हवंय."

भाचा गप्प. त्याची तयारी खवल्यांची, शस्त्रांची, उडण्याची होती. नावाची नव्हती. म्हातारीचं नाव त्यानं ठरवलंच नव्हतं. "पाच मिनिटं," म्हणून तो वर आला, माझ्यामागून स्वयंपाकघरात. आधण ठेवलं आणि ओट्याशी उभा राहून चहा उकळून वर येईपर्यंत विचार करत राहिला. खाली सर वाट बघत होते. मी खाली येऊन त्यांना विचारलं, नावच का? म्हणाले, "सोनं माझ्याकडे आहे. शेहेचाळीस वर्षांत इतके ड्रॅगन मारले, एकाचंही नाव मला माहीत नाही."

भाचा खाली आला. म्हातारीनं विचारलं, ठेवून काय जाणार? सर म्हणाले, शंभर मोहरा. म्हातारी म्हणाली, पाचशे. मग दहा मिनिटं घासाघीस चालली आणि दोनशेवर तुटलं. सरांनी कागद सरळ केला, दोनशे वजा मांडले आणि मगच कान पुढे केला. भाच्यानं नाव कानात सांगितलं, कार्डावर लिहिलं आणि कार्ड पालथं घालून दिलं. ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. भाचेसुनेलाही त्यानं नंतर सांगितलेलं नाही, म्हणे.

कंपनीचा वर

वर काय फक्त गोष्टीतलेच असतात असं नाही. खेळाचे मालक बदलत गेले. गायगॅक्स यांनी सुरू केलेल्या कंपनीकडून १९९७ साली खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेला आणि १९९९ साली ती कंपनी 'हॅस्ब्रो'नं घेतली. २००० साली कंपनीनं एक खुला परवाना दिला. त्यानुसार मूळ नियम वापरून कुणीही आपली साहसं छापून विकू शकत होतं. त्यावर कित्येक लहान छापखान्यांची, चित्रकारांची, लेखकांची चूल पेटली.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून जास्त विक्री करणाऱ्यांनी वरच्या रकमेतला हिस्सा द्यायचा, असं त्यात होतं. दिलेला वर परत मागितला गेला. खेळणाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. नर्सनंही त्या आठवड्यात रद्द केली होती. २७ जानेवारीला कंपनी मागे हटली. जुना परवाना तसाच राहिलाच, शिवाय चारशेच्या आसपास पानांचा मूळ नियमग्रंथ तिनं 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या परवान्याखाली सोडला. श्रेय द्या आणि वापरा. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही.

सरांचं यावरचं मत एका वाक्यात होतं: सपाट तलवारीनं बडवलं की ड्रॅगन नमतो, हे १९७४ सालीच लिहून ठेवलंय.

मला ते थोडं कठोर वाटतं, पण खोटं म्हणता येत नाही. आपखुशीनं दिलेलं नव्हतं ते. तरी दिलेलं आहे, आणि आता कुणाच्याही बापाला काढून घेता येणार नाही.

या नियमग्रंथात दहाही ड्रॅगन आहेत, पांढऱ्यापासून चंदेरीपर्यंत, फूत्कारासकट. वरांचा भाग मात्र नाही. तो विकत घ्यायच्या पुस्तकात राहिला. म्हणजे वर आपले आपण रचायचे, आणि मला विचाराल तर तेच बरं. बाकी सगळ्याचं मराठी करायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन कुणी मराठीतून खेळायला बसणार असेल तर दोन शब्द माझ्याकडून घ्या: 'फ्राइटफुल प्रेझेन्स'ला जरब आणि 'ब्रेथ वेपन'ला फूत्कार. 'होर्ड'ला, म्हणजे ड्रॅगनच्या ढिगाला, मात्र अजून अडलंय. घबाड म्हटलं तर ते सापडणाऱ्याचं वाटतं, ठेव म्हटलं तर बँकेची. चांगला शब्द सुचला तर अंकाच्या पत्त्यावर कळवा.